'शांत गाव' या कल्पनेची शब्दचिकित्सा

१

स्थळाच्या दृष्टीने मराठी समीक्षेने वाङ्मयाचे जे दोन ठळक विभाग मानले आहेत, त्यांपैकी एक ग्रामीण साहित्याचा आणि दुसरा महानगरीय साहित्याचा होय. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'माणदेशी माणसं' (१९४९) आणि 'बनगरवाडी' (१९५५) या कृतींनी पहिल्या विभागाला भक्कम पाया दिला. मर्ढेकरांच्या 'काही कविता' (१९४७) या संग्रहानंतर यंत्रयुगीन महानगर हा मराठी कवितेचा हक्काचा विषय ठरला. या दोन टोकांच्या मधोमध मात्र एक मोठा प्रदेश मोकळा राहिला आहे. मोठ्या शहरापासून तास-दीड तासाच्या अंतरावर असलेले, ज्याला खेडे म्हणवत नाही आणि शहर म्हणण्यास मन घेत नाही, असे लहान गाव हा तो प्रदेश होय. महाराष्ट्रातील लक्षावधी माणसांचे जीवन अशा गावांतून गेले आहे, आणि त्याविषयी लिहिलेही पुष्कळ गेले आहे. परंतु त्या लेखनाकडे स्वतंत्र प्रश्न म्हणून पाहण्याची गरज समीक्षेस फारशी वाटलेली नाही.

असे का व्हावे, याचा विचार करताना एका विशेषणाकडे लक्ष जाते. लघुनिबंध, वृत्तपत्री सदरे, आठवणी, व्याख्याने आणि घरांच्या जाहिराती या सर्वांत अशा गावाला एकच शब्द पुनःपुन्हा लावलेला आढळतो; तो शब्द म्हणजे 'शांत'. हा शब्द इतका सवयीचा झाला आहे की तो वर्णन करतो की निर्णय देतो, हे विचारण्याचे आपण सोडून दिले आहे. प्रस्तुत लेखात या शब्दाचे व्याकरण, त्याचे मराठीतील सोयरे शब्द आणि त्याच्या वापरामागे असणारी दृष्टी यांची तपासणी करावयाची आहे. उदाहरणासाठी मुख्यतः वसई आणि तुलनेपुरती डोंबिवली ही दोन गावे घेतली आहेत. 'शांत' हा त्या गावाचा गुण नसून शहराशी असलेला एक संबंध आहे, आणि तो संबंध गुण म्हणून मांडला गेल्यामुळे गावाचे स्वतःचे आवाज वाङ्मयातून आणि भाषाभ्यासातूनही गळून पडतात, असे येथे प्रतिपादावयाचे आहे.

२

प्रथम नामांचा विचार करू. मराठीत 'गाव' हा शब्द विलक्षण व्यापक आहे. मुंबईत जन्मलेल्या माणसालाही 'तुमचे गाव कोणते?' असे विचारले जाते, आणि पुण्यासारखे शहरही बोलण्यात 'गाव'च असते. 'खेडे' हा त्याहून आकुंचित शब्द. 'शहर' फारसीतून आला. या दोहोंच्या मधल्या वस्तीसाठी 'कसबा' हा मूळचा अरबी शब्द पूर्वीच्या राज्यव्यवहारात रूढ होता. परगण्याचे मुख्य ठाणे, बाजार आणि कसबी लोकांची वस्ती असलेले ठिकाण, असा त्याचा अर्थ होता. पुण्याची कसबा पेठ किंवा कोल्हापूरचा कसबा बावडा अशा विशेषनामांत तो टिकला. सामान्यनाम म्हणून मात्र तो मागे पडला.

त्याची जागा बोलभाषेने दोन सुंदर पदबंधांनी भरून काढली: 'तालुक्याचे गाव' आणि 'बाजाराचे गाव'. या दोन्ही पदबंधांतील षष्ठी विभक्ती लक्षात घेण्याजोगी आहे. गाव कोणासाठी काय करते, ते तिच्यामुळे कळते. भोवतालची खेडी त्याच्याकडे येतात, आणि तेथेच त्या परिसराचा मध्य असतो. 'मुंबईजवळचे गाव' या पदबंधात हा मध्य गावाबाहेर निघून जातो. 'उपनगर' या संस्कृत घडणीच्या शब्दात तर ही गोष्ट उपसर्गातच बसली आहे. 'उप' या उपसर्गाला सान्निध्याचा अर्थ आहे, तसा दुय्यमपणाचाही आहे. 'उपस्थित' या शब्दात पहिला आढळतो, 'उपाध्यक्ष' या शब्दात दुसरा. उपनगर म्हणजे नगराजवळचे की नगराहून कमी दर्जाचे, हा प्रश्न शब्द स्वतः सोडवीत नाही, आणि बहुधा त्यामुळेच तो शासनव्यवहारास सोयीचा वाटला असावा.

या दुय्यमपणामागे आणखी जुना संस्कार आहे. संस्कृत परंपरेने 'नागर' या शब्दाला सभ्यतेचा आणि 'ग्राम्य' या शब्दाला अशिष्टतेचा अर्थ दिला; कामसूत्रातला रसिक 'नागरक' आहे, आणि अलंकारशास्त्रात ग्राम्यता हा काव्यदोष आहे. ज्या महाराष्ट्री प्राकृताच्या परंपरेत आपण मराठीचे पूर्वरूप शोधतो, त्या प्राकृताचा 'गाथासप्तशती' हा संग्रह मात्र खेड्यातल्या जीवनाने भरलेला आहे. नागर आणि ग्राम्य यांच्यातला हा ताण आपल्या वाङ्मयाच्या आरंभापासूनचा आहे. मधल्या गावाला त्यात जागा मिळाली नाही, एवढेच.

इतिहास या बाबतीत भाषेहून अधिक उदार आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याण आणि सोपारा या बंदरांचा उल्लेख आहे. अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे सोपाऱ्यास सापडले. भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली तेथील स्तूप उकरून काढला. गुजरातच्या बहादुरशहाने १५३४ साली वसई पोर्तुगीजांना दिली, तेव्हा मुंबईची बेटे त्या व्यवहाराचा एक भाग होती. पुढे सव्वाशे वर्षे ती वसईच्या अंमलाखाली राहिली. म्हणजे एके काळी मुंबई हेच वसईजवळचे लहान गाव होते. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला, आणि १८०२ साली दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी केलेल्या तहाला याच गावाचे नाव मिळाले. अशा गावाला 'मुंबईजवळचे शांत गाव' म्हणताना आपण दोन हजार वर्षांच्या हिशेबातले शेवटचे पानच वाचत असतो.

३

आता विशेषणाकडे वळू. 'शांत' हे 'शम्' धातूचे क्त-प्रत्ययान्त रूप. 'शमलेले' हा त्याचा मूळ अर्थ. मराठीने हा अर्थ विसरलेला नाही. वादळ शांत होते, मूल शांत होते, राग शांत होतो. प्रत्येक ठिकाणी आधी काहीतरी खवळलेले असते. 'शांत' हे स्त्रीलिंगी नाम म्हणूनही आपण वापरतो: ग्रहाची शांत, वास्तुशांत. नव्या घरात राहावयास जाण्यापूर्वी जो विधी करतात तो वास्तूतील उपद्रव शमविण्यासाठी असतो. तात्पर्य, मराठीत शांतता ही मुळातली अवस्था नसून क्षोभानंतरची अवस्था होय. ज्या गावात क्षोभ झालाच नाही, त्याला 'शांत' म्हणावयाचे, तर तो क्षोभ बोलणाऱ्याने आपल्याबरोबर आणलेला असला पाहिजे.

मराठीतील इतर शब्दांशी तुलना केल्यास हे अधिक स्पष्ट होते. आवाज नसण्याच्या अवस्थेला आपल्याकडे 'शुकशुकाट', 'सामसूम', 'चिडीचूप', 'निजानीज' असे अनेक शब्द आहेत. यांतला 'निजानीज' हा वेळेचा शब्द आहे. 'चिडीचूप' हा बहुधा धाकाचा. 'शुकशुकाट' आणि 'सामसूम' यांत तर काळजी आहे. बाजारात शुकशुकाट आहे, असे कोणी म्हणाले की ऐकणारा 'का बरे?' असे विचारतो. 'वा, किती छान!' असे म्हणत नाही. 'निवांत' हा शब्द सुखाचा आहे खरा, पण तो माणसाला लागतो, जागेला सहसा लागत नाही: निवांत बसलो, निवांत बोलू. गावातच जन्मलेल्या माणसाच्या बोलीत आवाज नसणे म्हणजे काहीतरी उणे असणे, आणि सुख असेल तर ते माणसाच्या मोकळ्या वेळेत असते. जागेचा गुण म्हणून शांततेची स्तुती करण्याची रीत बाहेरून आली.

ही रीत व्याकरणदृष्ट्या कशी घडते, ते पाहण्यासाठी केवळ नमुना म्हणून तीन वाक्प्रयोग घेऊ. पहिला: 'संध्याकाळी गाडीतून उतरलो की मला गाव शांत वाटते.' येथे अनुभवणारा चतुर्थी विभक्तीत उपस्थित आहे, वेळ सांगितलेली आहे, आणि 'वाटते' या क्रियापदाने विधानाची मर्यादा मान्य केली आहे. या वाक्याविरुद्ध कोणाचीही तक्रार असू नये. दुसरा: 'गाव शांत आहे.' येथे 'मला' गेले, संध्याकाळ गेली, आणि अनुभव हा वस्तूचा धर्म झाला. तरीही हे विधान आहे. त्याला 'नाही' म्हणता येते. तिसरा: 'शांत गावात घर.' येथे विशेषण विधेयाच्या जागेवरून निघून नामाला चिकटले. आता ते सिद्ध करावयाचे राहिले नाही, गृहीत धरले गेले. आणि जे गृहीत धरले जाते ते नाकारण्यासाठी वाक्यात जागाच उरत नाही. पहिल्या पायरीवर लघुनिबंध उभा असतो, दुसरीवर सदर, तिसरीवर जाहिरात. समीक्षकाचे काम दुसऱ्या पायरीवर सुरू होते. कारण 'वाटते'चे 'आहे' होते ते तेथेच.

काव्यशास्त्राच्या अभ्यासकांना येथे शांतरसाची आठवण होईल. भरताच्या आठ रसांत नंतर घातलेला हा नववा रस. त्याचा स्थायीभाव निर्वेद की तत्त्वज्ञान, याविषयी मम्मट आणि अभिनवगुप्त यांत मतभेद आहे. दोघांपैकी कोणाचेही मत घेतले तरी शांत हा संसारातून निवृत्त होणाऱ्याचा भाव आहे. दररोज सकाळी ठरलेली गाडी पकडणाऱ्या माणसास निर्वेद परवडत नाही. त्याला हवी असते ती विश्रांती, म्हणजे श्रमाचा तात्पुरता विराम. श्रांताने आपल्या मुक्कामाला शांत म्हणावे, हे मानवी आहे; समीक्षेने मात्र या दोन शब्दांतला भेद जपला पाहिजे.

४

शहर आणि गाव यांच्यातला हा संबंध प्रत्यक्षात आणला तो रेल्वेने. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आणि १८५४ साली कल्याण असा लोहमार्ग झाला. पश्चिमेकडच्या मार्गावर १८६७ साली विरारहून मुंबईकडे जाणारी रोजची गाडी सुरू झाली. त्यामुळे अंतराचे माप बदलले. वसई चर्चगेटपासून सुमारे बावन्न किलोमीटर आहे आणि डोंबिवली मुंबईच्या मध्य रेल्वेच्या मुख्य स्थानकापासून सुमारे अठ्ठेचाळीस. पण हे आकडे तेथे राहणाऱ्यांच्या तोंडी सहसा येत नाहीत. त्यांचे अंतर मिनिटांत असते, आणि तेही गाडी 'फास्ट' की 'स्लो' यावर ठरते. गाड्यांना सुटण्याच्या वेळेचेच नाव मिळाले: 'सात बावन्नची', 'आठ तेराची'. 'पकडणे', 'चुकणे', 'डाऊन करून येणे' ही क्रियापदे या जीवनाची धातुसाधिते झाली. आणि ज्या पगारासाठी हे सारे करावयाचे तो शब्दही पोर्तुगीजांनी मराठीस दिलेला. त्यांची उत्तर प्रांताची राजधानी वसई हीच होती, हा योगायोग मनोरंजक म्हणावा लागेल.

डोंबिवलीची घडण मुख्यतः या क्रियापदांनी केली. नोकरदार मध्यमवर्ग येथे मोठ्या संख्येने आला, आणि त्याच्याबरोबर ग्रंथालये, व्याख्याने, नाट्यप्रयोग यांची हौसही आली. पु. भा. भावे नागपुराहून येऊन येथे राहिले, श. ना. नवरे यांचे नाव तर या गावापासून वेगळे काढता येत नाही. २०१७ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन डोंबिवलीस भरले, ते या परंपरेला धरूनच होते. या गावातून आलेल्या लेखनाचा बहुतांश भर घरातल्या माणसांवर आहे. नवऱ्यांची कथा मध्यमवर्गीय कुटुंबातील नात्यांचे बारकावे ज्या सहजतेने टिपते, ती सहजता मोठीच आहे. या लेखनाची जात ओळखली की त्यातली शांतताही ओळखू येते. ती दाराच्या आतली आहे. आल्यागेल्याची, संध्याकाळची आणि रविवारची आहे. ती खरी आहे, कारण ती 'मला वाटते' या वाक्याशी प्रामाणिक राहते. गावाविषयी ती फारसे बोलतच नाही.

वसईची गोष्ट वेगळी. येथे रेल्वे आली तेव्हा गाव आधीच पूर्ण होते. विहिरीवर रहाट लावून शिंपलेल्या वाड्या, पावसाचे पाणी धरून ठेवणारी बावखले, केळी, नागवेलीची पाने, फुले, भाजी, किनाऱ्यावर मासेमारी, खाडीकाठी मिठागरे, असा तिचा संसार होता. रेल्वेने या संसाराला मुंबईचा बाजार जोडून दिला. फुले आणि भाजी पहाटे दादरला पोहोचावयाची असेल, तर ती कोणीतरी रात्री खुडली, बांधली आणि स्थानकावर आणलेली असली पाहिजे. म्हणजे ज्या घटकेला नवा रहिवासी 'किती शांत!' असे म्हणून दिवा मालवतो, त्यानंतर थोड्याच वेळाने वाडीवरच्या माणसाचा कामाचा दिवस उजाडतो. एकाच गावाची ही दोन वेळापत्रके आहेत. 'गाव शांत आहे' हे वाक्य त्यांतले एकच वेळापत्रक ओळखते.

आणि गाव केवळ श्रमाच्या आवाजाने गजबजलेले आहे असे नाही. ते बोलींनी गजबजलेले आहे. 'कादोडी' या नावानेही ओळखली जाणारी सामवेदी, वाडवळी, कोळी अशा बोली या चिंचोळ्या पट्टीत शेजारी-शेजारी नांदत आल्या आहेत. हिंदू आणि ख्रिस्ती अशा दोन्ही समाजांत सामवेदी बोलली जाते, ही गोष्ट सामाजिक भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याने विशेष लक्षात घ्यावी. ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या मराठीवरील सातव्या खंडात (१९०५) सामवेदी आणि वाडवळी यांची दखल आहे. सर्वेक्षणाची पद्धत आज अपुरी वाटते; पण मुंबईच्या सावलीतील या पट्टीत ऐकण्यासारखे काही आहे, एवढे तरी त्याला जाणवले होते. 'शांत' या विशेषणाला ते जाणवत नाही. जेथे आवाज नाही असे आपण मानतो, तेथे ध्वनिमुद्रण-यंत्र घेऊन कोणी जात नाही.

५

वसईच्या लेखनात या विशेषणाला मिळालेले सर्वांत गंभीर उत्तर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे होय. 'सुवार्ता' मासिकाचे ते दीर्घकाळ संपादक होते; २०२० साली उस्मानाबाद येथे भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले; २०२४ साली त्यांचे निधन झाले. १९८०च्या दशकाच्या अखेरीस वसईतील जमीन बांधकामासाठी खुली होऊ लागली, तेव्हा उभ्या राहिलेल्या 'हरित वसई'च्या चळवळीचे त्यांनी नेतृत्व केले, आणि 'नाही मी एकला' या आत्मकथनात आपल्या वाटचालीचा वृत्तान्त दिला. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, या चळवळीने आपल्या नावासाठी 'शांत' हा शब्द निवडला नाही. 'हरित' हा शब्दही संस्कृत आणि काहीसा औपचारिक आहे. वाडीतला माणस घरी तो वापरणार नाही. परंतु हिरवेपणाला पाणी लागते, पाण्याला विहीर लागते, विहिरीला माणसाचे हात लागतात. 'हरित' म्हटले की राखणारा कोणीतरी मानावाच लागतो. 'शांत' म्हटले की कोणी नसले तरी चालते. दोन विशेषणांतला हा फरक वाङ्मयीन आहे, तसाच राजकीयही आहे.

तरी एक उणीव नोंदविली पाहिजे. दिब्रिटोंचे गद्य प्रमाण मराठीतले आहे. त्यांना साऱ्या महाराष्ट्राशी बोलावयाचे होते, आणि तसे करताना हे अपरिहार्य होते. गावाची बाजू मांडली गेली ती शहराला समजेल अशा भाषेत. ज्या बोलीत ते गाव स्वतःशी बोलते, ती बोली या लेखनात फारशी मध्यभागी आली नाही. हा दोष लेखकाचा मानता येत नाही. मधल्या गावाच्या भाषिक परिस्थितीचेच ते लक्षण आहे.

पुढे जे घडले ते सर्वांना ठाऊक आहे. २००९ साली चार नगरपालिका आणि अनेक ग्रामपंचायती एकत्र करून वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली. गावे तिच्यातून वगळावीत या मागणीचा वाद पुढे कित्येक वर्षे न्यायालयांत चालला. २०११च्या जनगणनेत या महानगरपालिकेची लोकसंख्या बारा लाखांहून अधिक भरली. शांततेच्या ओढीने आलेल्यांच्या संख्येनेच शांतता संपविली, असे म्हणणे सोपे आहे, पण ते अर्धेच खरे आहे. मुंबईतील घरांच्या किमतींनीही माणसे येथवर ढकलली. 'शांत गाव' या शब्दांनी त्या ढकलण्याला निवडीचे रूप दिले. परवडत नाही म्हणून लांब गेलेला माणूस शांततेसाठी लांब गेला, असे त्याला स्वतःलाही वाटू लागते. अशा रीतीने एक विशेषण दोन्ही पक्षांचे सत्य झाकते: मूळ रहिवाशाचे श्रम आणि नव्या रहिवाशाची नड.

६

येथे एक आक्षेप संभवतो. शहराला विटलेल्या माणसाने लहान गावात समाधान शोधले आणि ते मोकळेपणाने लिहिले, तर त्याच्या पाठीशी एवढे व्याकरण का लावावे? त्याचा अनुभव खोटा आहे काय? मुळीच नाही. आपल्या अंगणात संध्याकाळी उभे राहून ज्याला सुटल्यासारखे वाटले, त्याचे वाटणे प्रमाणच मानले पाहिजे. नव्या रहिवाशाला परका ठरवून जुन्याचा गौरव करणे हाही या लेखाचा हेतू नाही. दोन पिढ्या ज्या गावात गेल्या, ते गाव त्यांचेच. आक्षेप आहे तो अनुभवाची नोंद वस्तूच्या धर्मात बदलण्यास. 'मला' हा एक शब्द वाक्यात राहू दिला, तर लघुनिबंधाचे काहीही बिघडत नाही; उलट, दुसऱ्याच्या 'मला'साठी जागा राहते.

म्हणून अशा गावाविषयीचे लेखन वाचताना विद्यार्थ्यांनी तीन साधे प्रश्न विचारावेत. ऐकणारा कोण आहे? तो कोणत्या वेळी ऐकतो आहे? आणि जे बोलत आहेत त्यांची बोली पानावर आली आहे काय? या प्रश्नांना उतरणारे लेखन अद्याप थोडे आहे. एकाच स्थानकावर पहाटेची टोपली आणि सकाळची पिशवी एका गाडीची वाट पाहत उभ्या असतात. दोन्हींना सारखे स्थान देणारी कादंबरी मराठीत लिहिली गेली, तर ग्रामीण आणि महानगरीय हे आपले दोन कप्पे तिला पुरणार नाहीत, आणि तसे होणे समीक्षेच्या हिताचेच ठरेल.

भाषाविज्ञानाच्या विभागाचे काम याहून निकडीचे आहे. वसई ते पालघर या पट्टीतील बोलींचे जुने भाषक आज वयोवृद्ध आहेत. त्यांची नातवंडे शाळेत, गाडीत आणि बहुधा घरातही प्रमाण मराठी, हिंदी वा इंग्रजी बोलतात. वाडी, रहाट, बावखल यांच्याभोवतीची शब्दसंपत्ती त्या वस्तूंबरोबरच मावळत आहे. विद्यापीठापासून हे क्षेत्र एका गाडीच्या अंतरावर आहे. प्रबंधासाठी दूरचा विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्याने परतीच्या तिकिटाच्या खर्चात होणारे हे काम आधी हाती घ्यावे, आणि शक्य तो पहाटेच्या गाडीने जावे.